जुन्या गाडीचे मागचे सस्पेन्शन घरीच नव्याने बांधताना

धागाकर्ता

मागचे सस्पेन्शन नव्याने बांधायचे ठरले की बहुतेक जण आधी सुट्या भागांची यादी करायला बसतात: नवे पाटे (स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी पट्ट्या), नवे बुश (जोडांत बसणारे रबरी अस्तर), नवे यू-बोल्ट, नवे शॉक ॲब्सॉर्बर. माझ्या मते ही यादी सर्वांत शेवटी करावी. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असेपर्यंतच तिच्याकडून काही कळून घेता येते. एकदा ॲक्सल (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा भाग) खाली आला आणि पाटे जमिनीवर पडले की कोणत्या भागाने किती उंची खाल्ली होती, हे शोधून काढण्याचा मार्ग उरत नाही.

माझी गाडी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. हे मॉडेल १९६२ ते १९८० या काळात बनत होते आणि त्याच्या मागच्या बाजूची रचना त्या काळातील असंख्य गाड्यांसारखीच आहे. आडवा अखंड ॲक्सल, त्याला दोन्ही बाजूंनी यू-बोल्टने आवळलेले पाट्यांचे संच, संचाचे पुढचे टोक बॉडीला थेट जोडलेले, मागचे टोक शॅकलच्या दोन पट्ट्यांवर झुलणारे आणि बॉडीवर बसवलेले, दांडीने ॲक्सलशी जोडलेले आर्मस्ट्राँग पद्धतीचे लिव्हर शॉक ॲब्सॉर्बर. पाट्यांवर चालणारी कोणतीही जुनी गाडी असली तरी पुढचे बहुतेक मुद्दे तिला लागू पडतील.

गाडी मागून बसली आहे, एका बाजूला कलली आहे, खड्ड्यात खटका देते आणि सरळ रस्त्यावर मागून सरकते, या चार तक्रारी पुष्कळदा एका दमात सांगितल्या जातात. परंतु त्यांची कारणे निरनिराळ्या भागांत असतात. म्हणून आधी सपाट जागा शोधावी, टायरमध्ये नेमकी हवा भरावी, डिकी रिकामी करावी आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून कडेपर्यंत मोजण्यात अर्थ नाही, कारण त्यात टायरची झीज आणि हवा मिसळते. त्यानंतर दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा कराव्यात आणि पुढची चाके सरळ ठेवून दोन खुणांमधील अंतर मोजावे. डाव्या आणि उजव्या अंतरात लक्षात येण्याजोगा फरक निघाला, तर ॲक्सल तिरका बसला आहे असे समजावे. त्याचे कारण बहुधा पाट्यांचा संच एकत्र धरणारा सेंटर बोल्ट असतो. या बोल्टचे डोके ॲक्सलखालच्या बैठकीतील छिद्रात बसते आणि ॲक्सल पुढेमागे सरकू देत नाही. तो तुटला की यू-बोल्ट कितीही आवळलेले असोत, ॲक्सल हळूहळू जागा सोडतो.

कलण्याची परीक्षा आणखी सोपी आहे. पुढच्या आडव्या बीमच्या बरोबर मध्यावर जॅक लावून पुढची दोन्ही चाके जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकीच गाडी उचलावी. पुढचा भाग आता एकाच बिंदूवर टेकलेला असल्यामुळे पुढच्या स्प्रिंगांचा मागच्या भागावरील प्रभाव नाहीसा होतो. तरीही मागचा भाग कललेला राहिला तर दोष मागे आहे. तो सरळ झाला तर पुढे. मागे नवे पाटे बसवूनही गाडी कलतेच, अशी तक्रार करणाऱ्या कित्येकांनी ही परीक्षा केलेली नसते.

एक गैरसमज इतका रुजलेला आहे की त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. बसलेला पाटा मऊ झालेला असतो, असे मानले जाते. पोलादाची लवचीकता वयाबरोबर बदलत नाही. वर्षानुवर्षांच्या भाराने पाट्याची कमान कायमची उतरते, म्हणजे त्याचा आकार बदलतो. ताठपणा जवळपास तोच राहतो. ताठपणा कमी करणारी गोष्ट म्हणजे गंज, कारण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्क्यांनी घटली तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. म्हणून संच सुटा केल्यावर प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने साफ करून त्याची जाडी व्हर्नियरने मोजावी, विशेषतः खालच्या पाट्याचे टोक जिथे वरच्या पाट्यावर घासून खाच पाडते तिथे. खाच खोल असेल किंवा जाडी लक्षणीय उतरली असेल तर तो पाटा बाद करावा. जाडी शाबूत असून केवळ कमान उतरली असेल, तर जाणकार कारागिराकडून थंड अवस्थेत पुन्हा कमान काढून घेता येते. घरी लाल होईपर्यंत तापवून वाकवण्याचा विचारही करू नये. त्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि पाटा काही काळातच पुन्हा बसतो किंवा मोडतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. मागच्या पाट्यांच्या पुढच्या जोडाच्याही पुढे, बॉडीच्या मजबूत भागाखाली दोन स्टँड लावावेत, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या द्याव्यात आणि डिफरन्शियलखाली (ॲक्सलच्या मध्यावरील गिअरच्या डब्याखाली) चाकांचा जॅक ठेवून ॲक्सलचे वजन त्याच्यावर घ्यावे. केवळ जॅकवर टेकलेल्या गाडीखाली शिरू नये, हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि तरीही लिहावे लागते. बॉडीकडून ॲक्सलकडे येणारा ब्रेकचा रबरी पाइप आणि हँडब्रेकची केबल यांच्यावर ॲक्सलचे वजन क्षणभरही येऊ देऊ नये. ॲक्सलची खालची चाल मर्यादित ठेवणारे रबरी पट्टे सोडण्याआधी हा पाइप किती ताणला जाईल, हे पाहून घ्यावे.

सर्वाधिक वेळ खाणारा भाग म्हणजे पुढच्या डोळ्याचा, म्हणजे पाट्याच्या पुढच्या टोकाला असलेल्या गोल कड्याचा, बोल्ट. बुशच्या आतली पोलादी नळी आणि बोल्ट यांच्यामध्ये गंज धरतो आणि दोन्ही एकजीव होतात. बाहेरून पाना फिरवला की बोल्ट फिरल्यासारखा वाटतो. बॅटरीच्या उजेडात नीट पाहिले तर त्याच्यासोबत आतली नळीही फिरत असते आणि तिच्याभोवतीचे रबर पिळ घेऊन पुन्हा जागेवर येते. हे दिसले की आणखी जोर लावण्यात शक्ती वाया घालवू नये. गंज सोडवणारे तेल आधीच्या दिवसांत पुन्हापुन्हा सोडून ठेवावे आणि तरीही बोल्ट हलला नाही, तर डोळा आणि ब्रॅकेट यांच्यामधील फटीत करवतीचे पाते घालून बोल्ट दोन्हीकडून कापावा. नवा बोल्ट घ्यायचाच असल्यामुळे त्याबद्दल हळहळ वाटण्याचे कारण नाही. पेट्रोलची टाकी मागेच असल्यामुळे गॅसची ज्योत आणि ठिणग्या उडवणारा ग्राइंडर या ठिकाणी मी वापरत नाही.

जुना बुश काढताना आधी ड्रिलने रबर पोखरून आतली नळी मोकळी करावी. मग डोळ्यात बाहेरची पातळ नळी उरते. करवतीचे पाते डोळ्यातून ओवून, फ्रेमला जोडून, ती नळी लांबीच्या दिशेने कापावी आणि छोट्या छिन्नीने आत दुमडून काढावी. येथे हात आवरता घ्यावा, कारण नळी संपून पाते डोळ्याच्या पोलादाला लागल्यावर आवाज आणि घासण्याचा स्पर्श दोन्ही बदलतात. डोळ्याच्या आतील बाजूस पडलेला बारीकसा ओरखडाही पुढे तड्याची सुरुवात ठरू शकतो. नवा बुश हातोडीने ठोकून बसवू नये. लांब आट्यांचा बोल्ट, दोन जाड वॉशर आणि एका बाजूला बुशपेक्षा थोड्या मोठ्या व्यासाचा नळीचा तुकडा घेऊन नट आवळत तो ओढून घ्यावा. वॉशरचा जोर बुशच्या बाहेरच्या नळीवर पडेल, आतल्या नळीवर नाही, एवढी दक्षता घ्यावी.

यू-बोल्ट आणि त्यांचे नट नवेच वापरावेत. जुन्यांचे आटे ताणलेले असतात आणि ते ठरलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) पोचले तरी पकड पुरेशी येत नाही. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावल्यास घर्षण घटून त्याच टॉर्कवर बोल्ट अधिक ताणला जातो; म्हणून वर्कशॉप मॅन्युअलमधील आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की कसा, हे वाचूनच पाना हातात घ्यावा.

आणि ज्या एका गोष्टीसाठी हा धागा काढला ती अशी: पुढच्या डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना अखेरचे आवळू नयेत. रबरी बुशमध्ये आतली नळी बोल्टने ब्रॅकेटला घट्ट धरलेली असते, बाहेरची नळी पाट्याच्या डोळ्यात रुतलेली असते आणि मधले रबर दोन्हींना चिकटलेले असते. पाटा हलतो तेव्हा काहीही घसरत नाही. रबर पिळवटते आणि परत येते. ॲक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबराची विश्रांतीची स्थिती तीच ठरते. मग गाडी चाकांवर उभी राहताच रबर कायम पिळलेले राहते, गाडी असावी त्यापेक्षा किंचित उंच बसते आणि प्रत्येक खड्ड्यात त्या रबराला क्षमतेपेक्षा अधिक पीळ सोसावा लागून ते लवकर फाटते. म्हणून सगळे बोल्ट हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी पुढेमागे ढकलावी, मागचा भाग दाबून सोडावा आणि तिचे पूर्ण वजन पाट्यांवर असतानाच टॉर्क पाना लावावा. खाली जागा पुरत नसेल तर चाके भक्कम रॅम्पवर चढवावीत किंवा स्टँड थेट ॲक्सलखाली लावावेत.

प्रतिसाद १

लेख उपयुक्त आहे. मी अलीकडेच दोन्ही बाजूंना नवे पाटे बसवले आणि तेव्हापासून गाडी मागून चांगलीच उंच दिसते. शॅकलच्या पट्ट्या मागे झुकण्याऐवजी जवळपास सरळ उभ्या आहेत. पाटे आपोआप बसतील, थोडी वाट पाहा, असा सल्ला मिळाला. आपले मत काय आहे?

धागाकर्ता

नवे पाटे थोडे बसतात हे खरे आहे, परंतु त्या आशेवर राहण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे बोल्ट कोणत्या स्थितीत आवळले होते. गाडी चाकांवर असताना पुढच्या डोळ्याचे आणि शॅकलचे नट सैल करावेत, मागचा भाग दाबून सोडावा, गाडी थोडी ढकलावी आणि पुन्हा उंची मोजावी. उंची उतरली तर दोष पाट्यांचा नसून आवळण्याच्या पद्धतीचा होता.

दुसरी म्हणजे पाटे नेमके कोणत्या मॉडेलचे आहेत. एमजीबीच्या उघड्या आणि बंद टपाच्या गाड्यांचे पाटे निरनिराळे आहेत. शिवाय १९७४ च्या उत्तरार्धात काळे मोठे बंपर आले तेव्हा संपूर्ण गाडीची उंची सुमारे एक इंचाने वाढवण्यात आली. त्यामुळे डब्यावर गाडीचे नाव बरोबर असूनही आतला पाटा आपल्या वर्षाचा नसू शकतो. जुना आणि नवा संच शेजारी ठेवून पाट्यांची संख्या, जाडी आणि जमिनीवर उलटा ठेवल्यावर कमानीची उंची यांची तुलना केल्यास उलगडा होईल.

शॅकलच्या पट्ट्यांकडे आपले लक्ष गेले हे फार चांगले झाले. भार आल्यावर पाटा सपाट होतो, म्हणजेच लांब होतो, आणि ती वाढलेली लांबी शॅकलने मागे झुलून सामावून घ्यायची असते. कमान जास्त असेल तर डोळ्यांमधील अंतर कमी पडते आणि पट्ट्या पुढे ओढल्या जातात. तशा स्थितीत गाडी छोट्या खड्ड्यांतही कडक धक्के देते.

प्रतिसाद २

रबरी बुश टाळून पॉलियुरेथेनचे बुश वापरावेत असे माझे मत आहे. बसवायला सोपे, दाबयंत्र नको, आणि तेलाने खराब होत नाहीत. रबराचा आग्रह केवळ परंपरेपोटी धरला जातो असे वाटते.

धागाकर्ता

बसवायला ते सोपे आहेत याबद्दल दुमत नाही. मात्र त्यांच्या कामाची पद्धत वेगळी आहे. ते रबराप्रमाणे पिळवटत नाहीत, तर आतल्या नळीभोवती फिरतात. म्हणून त्यांना सिलिकॉन ग्रीस लागते आणि ते वाळले की कुरकुर सुरू होते. त्याशिवाय पाट्याच्या डोळ्याला केवळ एकाच दिशेने फिरायचे नसते. एक चाक उंचवट्यावर आणि दुसरे खाली असते तेव्हा संपूर्ण ॲक्सल तिरका होतो आणि पाट्यालाही लांबीच्या अक्षाभोवती थोडा पीळ बसतो. मऊ रबर ते सहन करते. कडक बुश तो ताण पुढे ब्रॅकेटकडे पाठवतो. शर्यतीत धावणाऱ्या गाडीला त्याचा फायदा होतो, कारण ॲक्सलची जागा अधिक काटेकोर राहते. रस्त्यावरच्या गाडीत मी पुढच्या डोळ्यात नळ्यांना चिकटवलेल्या रबराचा मूळ पद्धतीचा बुशच वापरेन. शॅकलमध्ये दोन तुकड्यांचे बुश असतात. तिथे पॉलियुरेथेन वापरल्यास माझी फारशी हरकत नाही.

तेलाचा मुद्दा मात्र योग्य आहे. साधे खनिज ग्रीस रबर फुगवते, त्यामुळे रबरी बुश बसवताना साबणाचे पाणी किंवा रबरासाठीचे ग्रीस एवढेच वापरावे. पाट्यांच्या मधे तेल सोडण्याची जुनी सवयही याच कारणाने सांभाळून वापरावी.

प्रतिसाद ३

माझ्याकडे पाट्यांची गाडी नाही, जॅग्वार आहे, तरीही उतरवण्याआधी मोजण्याचा मुद्दा तिलाही तंतोतंत लागू पडतो म्हणून लिहितो. १९६१ मध्ये ई-टाइप आणि मार्क टेन या मॉडेलांसोबत आलेल्या स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनमध्ये चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट हाच वरच्या आर्मचे काम करतो, खाली स्वतंत्र विशबोन असते आणि ब्रेकच्या डिस्क चाकाजवळ नसून डिफरन्शियलला चिकटून असतात. संपूर्ण जुळणी एका पोलादी चौकटीत बसवलेली असल्यामुळे ती एकसंध खाली उतरवता येते. ती अतिशय जड असते आणि दोघांशिवाय हे काम हाती घेऊ नये.

या रचनेत चाकाचा कॅम्बर (उभ्या रेषेपासूनचा कल) शाफ्टच्या फ्लँज (टोकाची चकती) आणि डिस्क यांच्यामधील पातळ शिमने (पत्र्याच्या तुकड्याने) ठरतो. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या एका शिमने कॅम्बर सुमारे पाव अंशाने बदलतो, म्हणून उतरवताना कोणत्या बाजूला किती शिम होत्या हे लिहून दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवणे आवश्यक आहे. शाफ्टच आर्म असल्यामुळे त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटमधील (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्यातील) सैलपणा थेट चाकाच्या डोलण्यात दिसतो. हे जॉइंट केवळ आवाज करत नाहीत म्हणून जुनेच ठेवण्यात शहाणपणा नाही. डिफरन्शियलच्या बाजूचे ऑइल सील मात्र गळत नसले तरी बदलावेत, कारण गळती थेट ब्रेकच्या डिस्कवर उडते आणि ते सील बदलण्यासाठी पुन्हा ही संपूर्ण चौकट उतरवावी लागते.

प्रतिसाद ४

लिव्हर शॉक ॲब्सॉर्बर काढून टाकून टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणारे) बसवण्याचे किट मिळते. आपण तो मार्ग घेतलेला दिसत नाही. काही विशेष कारण?

धागाकर्ता

लिव्हर पद्धतीला नावे ठेवणारे बहुतेक जण तेल संपलेल्या किंवा स्पिंडल (दांडी जिच्यावर फिरते ती आस) झिजलेल्या नगावरून मत बनवतात. चांगल्या स्थितीतील नग उत्तम काम करतो. परीक्षा अशी: तो उभ्या स्थितीत व्हाइसमध्ये पकडावा आणि दांडी संपूर्ण चालीत सावकाश वर-खाली करावी. विरोध सर्वत्र सारखा जाणवला पाहिजे. दिशा बदलताना दांडी थोडे अंतर मोकळी जात असेल, तर आत हवा आहे किंवा तेल कमी आहे. शॉक ॲब्सॉर्बरचे तेल भरून दांडी पुष्कळ वेळा चालवल्यावर ती मोकळीक नाहीशी व्हायला हवी. तशी झाली नाही तर व्हॉल्व्ह पाहावा. स्पिंडलच्या बाजूने तेल झिरपत असेल तर घरगुती उपाय नाही. नव्याने बांधलेला नग घ्यावा. नवा नग आडवा ठेवू नये, हवा आत शिरते. त्यात ब्रेक ऑइल कदापि घालू नये.

किटविषयी माझी हरकत अशी आहे की त्याचे वरचे टोक कुठे जोडलेले आहे, हे खरेदीपूर्वी फारसे कोणी पाहत नाही. मूळ बॉडीचा जो भाग एका विशिष्ट दिशेचा जोर सोसण्यासाठी बनवला आहे, त्यावर वेगळ्या दिशेचा जोर आणणारा ब्रॅकेट मला नको आहे. ब्रॅकेट भक्कम असेल आणि शॉक ॲब्सॉर्बर फार कडक नसेल तर ती जोडणीही समाधानकारक चालते.

प्रतिसाद ५

आपल्या पद्धतीनुसार सर्व काम केले, बोल्टही गाडी चाकांवर असताना आवळले. गाडी सरळ आणि योग्य उंचीवर बसली आहे. परंतु क्लच सोडताना आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढताना मागून एकच स्पष्ट खटका ऐकू येतो. खड्ड्यात आवाज येत नाही. कुठे पाहावे?

धागाकर्ता

खड्ड्यात आवाज नाही, त्यामुळे शॉक ॲब्सॉर्बरच्या दांडीचे रबर आणि शॅकल तूर्त बाजूला ठेवता येतील. जोराची दिशा बदलताना ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो आणि त्याला रोखणारे केवळ यू-बोल्ट आणि पुढचा डोळा असतात. म्हणून प्रथम यू-बोल्टचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. ॲक्सल आणि पाटे यांच्यामधील नवे रबरी पॅड पहिल्या १५०-२०० किलोमीटरमध्ये दबतात आणि नट सैल पडतात. ही तपासणी आवाज नसला तरी करायचीच असते.

तिथे काही आढळले नाही तर गाडी सपाट जागेवर उभी करून पुढच्या चाकांना दोन्हीकडून भक्कम अडण्या द्याव्यात, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक सोडावा आणि प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा) हाताने एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवावा. शाफ्ट फिरतो पण डिफरन्शियलचा फ्लँज हलत नाही, अशी स्थिती असेल तर दोष युनिव्हर्सल जॉइंटमध्ये आहे. दोन्ही एकत्र थोडेसे फिरून थांबत असतील तर ती गिअरच्या दातांमधील किंवा आतल्या थ्रस्ट वॉशरची मोकळीक आहे. एमजीबीच्या डिफरन्शियलमध्ये हे वॉशर झिजणे नेहमीचेच आहे. खटका पूर्वीही असावा. झिजलेल्या बुशांच्या गोंगाटात तो वेगळा ऐकू येत नसेल.

प्रतिसाद ५

यू-बोल्टचे नट खरोखरच सैल निघाले, विशेषतः डाव्या बाजूचे. आवळल्यानंतर मोठा खटका गेला आहे. शाफ्ट फिरवून पाहिला असता फ्लँजसह थोडा फिरून थांबतो, म्हणजे वॉशरही झिजलेले आहेत असे दिसते. ते बदलण्यासाठी ॲक्सल पुन्हा उतरवावा लागेल का?

धागाकर्ता

आपल्याकडे सुरुवातीच्या गाड्यांतील बँजो पद्धतीचा ॲक्सल असेल तर डिफरन्शियलचा संपूर्ण गाभा पुढून बाहेर येतो. हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांकडे जाणारे दांडे) आणि प्रॉपेलर शाफ्ट तेवढे सोडावे लागतात. नंतरच्या नळीच्या ॲक्सलमध्ये मागचे झाकण उघडून, दोन्ही हाफ शाफ्ट बाहेर ओढून, आतली पिन काढली की छोटे गिअर आणि त्यांचे वॉशर जागेवरच बदलता येतात. दोन्ही प्रकारांत ॲक्सल पाट्यांवरून सोडावा लागत नाही. त्यामुळे यू-बोल्टला हात लावू नये. आणखी थोडे अंतर चालवल्यावर त्यांचे नट मात्र पुन्हा एकदा तपासावेत.